सेल्माच्या रस्त्यावर सहा सिस्टर्स

७ मार्च १९६५, रविवार

संध्याकाळ झाली आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, सेल्मा गावच्या गुड समॅरिटन हॉस्पिटलात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात, कारण मधून चालायला जागाच उरलेली नाही. माणसं बाकांवर आहेत, जमिनीवर आहेत, दारातून अजून आत येतच आहेत. कुणाचं डोकं फुटलंय, कुणी सुजलेला हात दुसऱ्या हातानं छातीशी धरून बसलंय. अश्रुधुराचा वास त्यांच्या कपड्यांबरोबर आत आलाय आणि तुमचेही डोळे चुरचुरायला लागलेत.

या गर्दीतून वाट काढणाऱ्या नर्सेसमध्ये काही नन्स आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरहून आलेल्या, सेंट जोसेफ संघाच्या या गोऱ्या सिस्टर्स १९४० पासून सेल्मात राहतात. एडमंडाइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या मिशनचं हे हॉस्पिटल कृष्णवर्णीयांसाठी चालतं. आज दुपारी ब्राउन चॅपल या चर्चमधून सुमारे ६०० माणसं दोन-दोनच्या रांगेत निघाली. मतदानाच्या हक्कासाठी राज्याची राजधानी माँटगोमेरीपर्यंत, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर, चालत जायचा त्यांचा बेत होता. गावाबाहेर अलाबामा नदीवर एडमंड पेटस पूल आहे. मधोमध उंच असल्यानं चढ संपेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. चढ संपला तेव्हा समोर राज्य पोलिसांची भिंत होती. मग दंडुके, घोडेस्वार, अश्रुधूर. मोर्च्याच्या पुढे चालणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसच्या कवटीला तडा गेला. अमेलिया बॉइंटन पुलावर बेशुद्ध पडल्या. दोघांनाही इथेच आणलं.

याच हॉस्पिटलात नऊ दिवसांपूर्वी जिमी ली जॅक्सन नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण वारला. जवळच्या मॅरियन गावात पोलिसांच्या हल्ल्यातून आईला आणि आजोबांना वाचवायला तो पुढे झाला आणि एका पोलिसानं त्याच्या पोटात गोळी घातली. आजचा मोर्चा त्याच्याच मरणातून निघाला.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नका. या सिस्टर्स आज पुलावर नव्हत्या. आर्चबिशप थॉमस टूलन यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या फादरांना आणि सिस्टर्सना मोर्च्यात जायची मनाई केली आहे. याच टूलन यांनी गेल्या वर्षी आपल्या कॅथलिक शाळांमधला वर्णभेद बंद करायचा आदेश दिला होता. वर्गात काळी-गोरी मुलं एकत्र बसलेली त्यांना चालतात, रस्त्यावर सिस्टर्स चाललेल्या चालत नाहीत. सिस्टर्सनी आज्ञा पाळली, आणि पुलावरून जे जखमी इथे आले त्यांची शुश्रूषा केली. व्रतात राहून अन्यायाशी कसं झुंजायचं हा प्रश्न त्यांना आजच्या रात्रीपुरता कामानं सोडवून दिलाय. पण प्रश्न संपलेला नाही.

जानेवारी १९६५, कोर्टापुढची रांग

हे कशासाठी चाललंय ते समजून घ्यायला सात आठवडे मागे या. डॅलस काउंटीच्या कोर्टाबाहेर मतदार नोंदणीसाठी रांग लागली आहे. तुम्हीही शेवटी जाऊन उभे राहा. नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडतं, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. आत गेलात तर राज्यघटनेवर प्रश्न विचारतील. उत्तर बरोबर की चूक हे समोरचा गोरा कारकून ठरवणार आणि कारण सांगणार नाही. काउंटीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,०००, आणि मतदार यादीत त्यांतले जेमतेम ३००च्या आसपास.

रांगेत बायका किती आहेत ते पाहा. त्या बघ्या म्हणून आलेल्या नाहीत, ही चळवळ त्यांनीच उभी केली आहे. अमेलिया बॉइंटन तीसच्या दशकापासून मतदार आहेत आणि इतरांची नावं लागावीत म्हणून तेव्हापासून खटपट करताहेत. याच महिन्यात शेरीफ जिम क्लार्कनं त्यांची गचांडी धरून त्यांना फरफटत नेलं. मेरी फॉस्टर दातांच्या दवाखान्यात काम करतात. स्वतःचं नाव यादीत लागण्याआधी त्यांना अनेकदा नापास केलं गेलं. मग त्यांनी इतरांना या परीक्षेसाठी तयार करणारे वर्ग सुरू केले. पहिल्या दिवशी एकच विद्यार्थी आला, सत्तरीचा. बाईंनी त्याला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं. ॲनी ली कूपर यांनी नाव नोंदवायचा प्रयत्न केला म्हणून त्यांची नोकरी गेली, तरी त्या पुन्हा रांगेत आल्या आहेत.

या चळवळीला एका शिस्तीचं वळण देणाऱ्यांत डायान नॅश आहे. शिकागोत कॅथलिक घरात वाढलेली ही मुलगी एकेकाळी नन व्हायचा विचार करत होती. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार कृष्णवर्णीय मुली गेल्या, तेव्हा तिनं आणि तिचे चळवळीतले सहकारी जेम्स बेव्हेल यांनी ठरवलं की अलाबामातल्या प्रत्येक प्रौढ कृष्णवर्णीयाला मताचा हक्क मिळवून द्यायचाच. सेल्मा हे त्या निश्चयाचं फळ. मार खाऊन हात उगारायचा नाही, हे ती नॅशव्हिलला जेम्स लॉसन यांच्या शिबिरांत शिकली. आणि लॉसन हे कुठे शिकले? आपल्या नागपुरात. कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगवास भोगलेला हा मेथडिस्ट तरुण १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला, तीन वर्षं राहिला, आणि गांधीजींचा सत्याग्रह त्यांच्याच देशात राहून अभ्यासून गेला. माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध पुकारलेल्या बस बहिष्काराची बातमीही त्यानं नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. म्हणून ही रांग अलाबामातली असली तरी तुम्हाला अगदी परकी नाही.

८ आणि ९ मार्च, सेंट लुईस

आता उत्तरेला, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला चला. रविवारी रात्री टीव्हीवर न्यूरेंबर्ग खटल्यावरचा सिनेमा मध्येच थांबवून पेटस पुलावरची दृश्यं दाखवली गेली. नाझींच्या गुन्ह्यांची गोष्ट पाहत बसलेल्या देशाला आपल्याच पोलिसांचे दंडुके दिसले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना तारा केल्या : सेल्माला या.

सेंट मेरीज इन्फर्मरी या कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलात सगळ्यांच्या तोंडी तोच विषय आहे. एक सिस्टर सहकाऱ्यांना सांगते आहे की अंगावर हा झगा नसता तर मी आत्ता सेल्मात असते. ही सिस्टर मेरी अँटोना इबो, वय चाळीस. अमेरिकेत कृष्णवर्णीय नन क्वचितच दिसते. तिच्याजवळ थोडा वेळ थांबा, कारण ती इथवर कशी आली हे कळल्याशिवाय तिच्या या वाक्याचं वजन कळणार नाही.

१९२४ साली इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनला तिचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, ती कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमात वाढली. अठराव्या वर्षी तिनं कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. नर्स व्हायचं ठरवलं, पण कॅथलिक नर्सिंग स्कूलनं रंग पाहून नाही म्हटलं. सेंट लुईसच्या या इन्फर्मरीत कृष्णवर्णीय मुलींना घेत असत, म्हणून ती इथे आली. १९४६ मध्ये सेंट मेरी संघानं पहिल्यांदाच तीन कृष्णवर्णीय तरुणींना आपल्यात घेतलं. त्या तिघींत ती होती. पण घेतलं म्हणजे बरोबरीनं बसवलं असं झालं नाही. या तिघींची व्रताची तयारी गोऱ्या मुलींपासून वेगळी ठेवली गेली. देवाच्या वेदीपुढे आयुष्य वाहायला आलेल्या मुलींना त्याच वेदीच्या घरात पंक्तिभेद सोसावा लागला. पंगतीतून उठवलेल्या माणसाच्या कथा ज्यांच्या घरात सांगितल्या जातात, त्या मराठी वाचकाला हे दुःख उलगडून सांगायला नको.

चर्चमध्ये दुसरा प्रवाहही होता, आणि तो याच शहरात होता. १९४७ मध्ये आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी सेंट लुईसच्या कॅथलिक शाळांमधला वर्णभेद मोडून काढला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला तेव्हा सात वर्षं होती. संतापलेले गोरे पालक कोर्टात जायला निघाले, तर रिटर यांनी त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्याचा इशारा दिला. तेच रिटर आता कार्डिनल आहेत, आणि त्यांच्या धर्मप्रांतातून सेल्माला माणसं पाठवायचं ठरलंय. त्यांत सिस्टर्सही असणार आहेत.

सिस्टर अँटोनाला तिच्या वरिष्ठांचा निरोप येतो : जाशील का? बोलून गेलेलं वाक्य आता तिच्यापुढे येऊन उभं राहिलंय. ती घाबरली आहे, आणि ते लपवत नाही. हुतात्मा व्हायची तिला हौस नाही. गोऱ्या सिस्टरला झगा थोडंफार संरक्षण देईल. अलाबामात काळ्या बाईच्या अंगावरचा झगा लोकांना अधिकच खुपेल. शिवाय मंगळवारी रात्री सेल्मात जेम्स रीब या गोऱ्या पाद्र्याच्या डोक्यात सोटा घातला गेला आणि तो मरणाशी झुंजतो आहे. हे सगळं समोर ठेवून ती हो म्हणते.

१० मार्च, बुधवार

तुम्ही तिच्याबरोबर विमानात बसता. फादर आहेत, प्रोटेस्टंट पाद्री आणि ज्यू रब्बी आहेत, प्रापंचिक आहेत आणि सहा सिस्टर्स. सहांत कृष्णवर्णीय ती एकटी.

सेल्मात उतरून तुम्ही ब्राउन चॅपलपाशी येता. लाल विटांची, दोन मनोऱ्यांची ही मेथडिस्ट इमारत, आणि भोवती कार्व्हर होम्स ही कृष्णवर्णीयांची वसाहत. आत खचाखच गर्दी आहे. सिस्टर्स दारातून येताना चळवळीतले नेते अँड्र्यू यंग यांना दिसतात आणि ते व्यासपीठावरून सांगतात की जगातली एक मोठी नैतिक शक्ती आत्ता दारातून आत आली आहे. माना वळतात. त्या बाकांवर बसलेल्या कितीतरी जणांनी आयुष्यात प्रथमच कृष्णवर्णीय नन पाहिली आहे. सिस्टर अँटोनाला पुढे बोलावतात, बोलायला सांगतात. तिथे रविवारच्या जखमांवर पट्ट्या बांधलेली माणसं बसली आहेत, आणि ती त्यांच्याकडे पाहते आहे.

मग मोर्चा बाहेर पडतो. सिस्टर्सना पहिल्या रांगेत आणलंय. हातात हात घालून तुम्ही सिल्व्हन रस्त्यावरून कोर्टाच्या दिशेनं चालू लागता. फार चालावं लागत नाही. थोड्याच अंतरावर पोलीस वाट अडवून उभे आहेत. त्यांचा प्रमुख विल्सन बेकर आणि महापौर जोसेफ स्मिदरमन सांगतात की पुढे जाता येणार नाही. बेकर हा क्लार्कसारखा दंडुका परजणारा नव्हे, तो शांतपणे अडवतो. याच रस्त्यावर त्यानं कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधली आणि आंदोलकांनी तिला सेल्माची बर्लिन भिंत म्हणायला सुरुवात केली. त्यांनी त्या दोरीवर गाणंही रचलं.

पत्रकार पुढे सरसावतात. कॅमेरे सिस्टर अँटोनाकडे वळतात, कारण एवढ्या गोऱ्या धर्मगुरूंमध्ये ती त्यांना अपेक्षित नव्हती. इथे का आलात, असं विचारल्यावर ती जे बोलते त्याचा अर्थ असा : मी निग्रो आहे, नन आहे, कॅथलिक आहे, आणि मला साक्ष द्यायची आहे, म्हणून मी आले आहे. ती हेही सांगते की कालच तिनं सेंट लुईसमध्ये मत दिलं आणि इथल्या तिच्या बांधवांना तो हक्क नाही.

हे शब्द नीट ऐका. तिच्या चर्चनं तिला अनेक वर्षं सुचवलं होतं की तू आधी नन हो, काळी असणं दाराबाहेर ठेव. दक्षिणेतले सभ्य लोक सांगत होते की तू आधी शांत राहा, हक्क सवडीनं येतील. आर्चबिशप टूलन आठवडाभरात जाहीर भाषणात म्हणणार आहेत की सिस्टर्सची जागा घरी, देवाचं काम करण्यात आहे. सिस्टर अँटोनानं आपल्यातल्या एकाही ओळखीला थांबायला सांगितलं नाही. श्रद्धेच्या पोटातूनच तिचं धैर्य आलं, आणि चर्चमध्ये सोसलेल्या पंक्तिभेदानं त्याला धार दिली. देवाचं काम कुठे चालतं हे तिनं त्या अडवलेल्या रस्त्यावर उभं राहून ठरवलं.

त्याच काळात, रोम

सेल्मात दोरी ताणलेली असताना रोममध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद शेवटच्या अधिवेशनाच्या तयारीत आहे. सेंट पीटर्सच्या भव्य सभागृहात जरा डोकावून या. १९६२ मध्ये परिषद सुरू झाली तेव्हा दोन हजारांहून अधिक बिशप होते आणि स्त्री एकही नव्हती. १९६३ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या कार्डिनल सुनेन्स यांनी विचारलं की मानवजातीचा अर्धा भाग कुठे आहे? पुढच्या वर्षी पोप सहावे पॉल यांनी स्त्रियांना श्रोत्या म्हणून बोलावलं. शेवटपर्यंत त्यांची संख्या २३ झाली. अमेरिकेच्या सिस्टर मेरी ल्यूक टोबिन, ऑस्ट्रेलियाच्या रोझमेरी गोल्डी त्यांत होत्या. त्यांनी सभागृहात ऐकायचं, बोलायचं नाही. स्पेनच्या पिलार बेलोसिल्यो यांना बोलू द्यावं अशी विनंती झाली, ती नाकारली गेली. त्यांच्यासाठी कॉफीपानाची जागासुद्धा वेगळी होती. तरीही समित्यांमध्ये त्या बोलल्या, आणि आजच्या जगातल्या चर्चविषयीच्या मसुद्यावर त्यांनी काम केलं.

तो मसुदा ७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर झाला. ‘गॉडियम एट स्पेस’ या त्या दस्तऐवजाच्या २९ व्या परिच्छेदात म्हटलंय की वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म किंवा सामाजिक स्थान यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे आणि तो नाहीसा झाला पाहिजे. जोडीदार निवडण्याचा किंवा पुरुषाइतकंच शिकण्याचा हक्क स्त्रीला नाकारला जातो, याबद्दल तिथे खेदही आहे. त्याआधी १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन टेरिस’ या पत्रात सार्वजनिक जीवनात उतरणाऱ्या स्त्रियांची दखल घेतली होती. या शब्दांनी सिस्टर्सना बळ दिलं, यात शंका नाही. पण तारखा शेजारी ठेवून बघा. भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे असं परिषदेनं लिहिलं त्याच्या नऊ महिने आधी एक कृष्णवर्णीय नन ते रस्त्यावर बोलून चुकली होती.

मार्चनंतर

११ मार्चला जेम्स रीब वारले. २१ मार्चला हजारो माणसं पुन्हा त्या पुलावरून निघाली आणि या वेळी २५ तारखेला माँटगोमेरीला पोचली. त्याच रात्री आंदोलकांना गाडीतून सोडायला निघालेल्या व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. डेट्रॉइटमधल्या पाच मुलांच्या या आईला कॅथलिक चर्चमधून निरोप देण्यात आला. किंग तिथे हजर होते. घरदार सोडून ही बाई तिथे कशाला गेली, असा प्रश्न तिच्या मरणानंतर उघडपणे विचारला गेला. रीब यांच्याबद्दल तो असा गाजला नव्हता.

चळवळीच्या बाजूनं उभे राहिलेले सेल्माचे एडमंडाइट फादर मॉरिस उलेट यांना आर्चबिशप टूलन यांनी जूनमध्ये गावातून हलवलं. ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी प्राथमिक निवडणुकीत सेल्माच्या कृष्णवर्णीय मतदारांनी शेरीफ क्लार्कला पाडलं. त्याच्यावर मात करणारा उमेदवार होता दोरी बांधणारा विल्सन बेकर. मेरी फॉस्टर यांच्या वर्गात पाटी-पेन्सिलीपासून चाललेलं काम असं मतपेटीतून बोललं.

सिस्टर अँटोना १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कॅथलिक हॉस्पिटलची प्रमुख झाली. अमेरिकेत कॅथलिक हॉस्पिटल चालवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९६८ मध्ये कृष्णवर्णीय सिस्टर्सची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत ती होती, कारण पंक्तिभेदाला एकट्यानं नव्हे, संघटितपणे उत्तर द्यावं लागतं हे तिला ठाऊक झालं होतं. २०१४ मध्ये सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसनला मायकल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीनं गेला, त्यानंतरच्या प्रार्थनासभेत नव्वदीची सिस्टर अँटोना बोलायला उभी राहिली. २०१७ मध्ये, ९३ व्या वर्षी, ती देवाघरी गेली.

तुम्ही आता तुमच्या काळात परत आला आहात, आणि हिशेब अपुराच आहे. स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा कॅथलिक चर्च आजही देत नाही. बिशपांच्या सिनॉडमध्ये, म्हणजे धर्मसभेत, स्त्रियांना मत मिळालं ते २०२३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे सेल्मानंतर अठ्ठावन्न वर्षांनी. अमेरिकेतल्या कोर्टापुढची रांग मोडली, रोममधली हळूहळू पुढे सरकते आहे. ज्यांना हे चर्च आपलं वाटतं त्यांनी हा उशीर निमूटपणे स्वीकारू नये, कारण भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे हे वाक्य त्यांच्याच चर्चनं लिहून ठेवलंय.

आणि हे फक्त कॅथलिकांपुरतं नाही. आधी संस्थेची शिस्त, आधी समाजाची अब्रू, मग तुझा प्रश्न, असं आपल्याकडेही प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात, प्रत्येक चळवळीत बाईला सांगितलं जातं. ज्या दिवशी तुमच्यासमोर ते सांगितलं जाईल, त्याच दिवशी तिच्या बाजूनं बोला. ठराव नंतर होतात, दस्तऐवज त्याहून नंतर लिहिले जातात, आणि त्यांत काय लिहिलं जाईल हे रस्त्यावर आधी कोण उभं राहिलं यावर ठरतं.